एफ नेहमी शेवटी

हनीफमास्तर सोलापूरला लेकाकडे राहायला गेले
तेव्हा मापांच्या अकरा वह्या तरन्नुमने पानापानाने टिपल्या,
सगळ्यांचं एक गाठोडं बांधलं, पेनड्राइव्हवर घातलं,
आणि पेनड्राइव्ह बटणांच्या डबीत.
सोबत कॉलेजने भंगारात काढलेला लॅपटॉप,
त्यात काळी पाटी आणि लुकलुकणारी एक रेघ.
"पतंगेकाका, सोप्पंय. बिलामागे लिहून ठेवलंय."

दोन वर्षं डबी उघडली ती बटणांसाठीच.

मग सुभेदार ढमाल्यांनी वानवडीहून कापड धाडलं.
नातवाचं लग्न, बंदगळा हवा,
माप तुमच्याकडे आहेच,
मी काही बदललेलो नाही.

रास्ता पेठेत दुपारी एक ते चार दुकान बंद.
शटर अर्धं ओढून मी त्या रेघेसमोर बसलो.
बिलामागे तरन्नुमचं बारीक अक्षर:
टार, जागा सोडा, वजा, एक्स झेड व्ही एफ,
पुन्हा जागा, मग गाठोड्याचं नाव.
एक्स म्हणजे उसव.
झेड म्हणजे दाबून बसवलेली घडी मोकळी कर.
व्ही म्हणजे काम करताना बोलत राहा.
एफ म्हणजे, हे पुढे लिहिलंय ना, ते गाठोडं.

मी एफ आधी घातला, झेड शेवटी.
उत्तर आलं: झेड नावाची फाईल सापडत नाही.
तीनदा विचारलं, तीनदा तेच,
"नाही" म्हणण्यात हयात गेलेल्या दुकानदारासारखं.
चौथ्यांदा उजेड पडला.
एफला मागोमाग नाव लागतं,
हाताला येईल ते तो नावच समजतो;
काजासमोर बटण नसेल तर
काज तरी काय करणार?

नंतर एम मोठा की लहान यात पाऊण तास.
नंतर टॅबची कळ:
दोन अक्षरं टाका, उरलेलं नाव ती पुरं करते.
मास्तर असेच.
गिऱ्हाईक "ढ" म्हणायच्या आत वहीचं पान उघडलेलं.

आणि मग धो धो.
एक हजार एकशे चाळीस पानं
मुख्य खणातच सांडली,
कॉलेजच्या पोरांच्या राहून गेलेल्या प्रयोगवह्यांत मिसळून.
तरन्नुम फोनवर हसली, अगदी बापासारखी, नाकातून.
"काका, आधी टी. टी म्हणजे नुसतं बघायचं, उसवायचं नाही.
मग रिकामा खण करा, त्यात ओता."

चाळीस वर्षं प्रत्येक पोराला मी हेच सांगत आलो:
कात्री लावण्याआधी कापड उलटून बघ.

सगळं निपटून पुन्हा ओतलं. या वेळी व्ही विसरलो.
रेघ गप्प. मीही गप्प. घाम फुटला.
तिचं म्हणणं, गप्प बसला म्हणजे झालं.
पुण्यात गप्प बसण्याचे बाकी सगळे अर्थ मला माहीत होते,
हा नवा.

खण उघडला तर पानं ओळीने,
आणि गाठोडं जसंच्या तसं.
हे मला अजून पचलेलं नाही.
आम्ही शिवण उसवतो तेव्हा
सुईची भोकं राहतात,
चुना लावा, इस्त्री फिरवा, राहतातच.
इथे सगळं बाहेर आलं
आणि आतलं काही कमी झालं नाही.

ढमाले, सातव्या वहीत. छाती अडतीस, कंबर बत्तीस,
बाजूला मास्तरांच्या पेन्सिलीने: ताठ उभा राहतो, दोन वजा करणे.

शोधत नव्हतो तरी दुसऱ्या वहीत
एक अर्धं पान:
पतंग्यांचा पोरगा. शाळेचा शर्ट.
छाती सव्वीस, खांदा बारा.
पैसे नकोत.
वाढीला दोन इंच ठेवणे.

शटर पूर्ण वर केलं. चार वाजून गेले होते.
वानवडीला फोन लावला:
माप मिळालं, सुभेदार.
तरी एकदा येऊन जा.
टेप गळ्यातच आहे.